वीस मण्यांची चौकट: घ्यावी का, आणि घेतल्यावर करायचं काय

दोन आडव्या सळ्या, प्रत्येक सळीवर दहा मणी, त्यांतले पाच लाल आणि पाच पांढरे. खोका उघडल्यावर एवढंच हाती येतं, आणि शैक्षणिक खेळणं म्हणून हौसेने मागवलेल्या माणसाचा चेहरा पडतो. ना दिवे, ना आवाज, ना चित्रं. याला डच भाषेत ‘रेकेनरेक’ म्हणतात. ‘रेकेनेन’ म्हणजे हिशेब करणे आणि ‘रेक’ म्हणजे रॅक. नेदरलँड्समधल्या फ्रॉइडेन्थाल इन्स्टिट्यूटमधले गणितशिक्षणतज्ज्ञ आद्री ट्रेफर्स यांची ही रचना. आता ती अनेक उत्पादक वेगवेगळ्या नावांनी विकतात. मराठीत सोयीसाठी ‘वीस मण्यांची चौकट’ म्हणू.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. साधारण पाच ते आठ वर्षांच्या मुलाला वीसच्या आतली बेरीज-वजाबाकी शिकवायला एकच वस्तू घ्यायची असेल, तर हीच घ्यावी. पण बहुतेक खोक्यांवर ‘मोजायला शिका’ असं छापलेलं असतं, ते साफ चुकीचं आहे. ही चौकट मोजायला शिकवत नाही, मोजणं सोडायला शिकवते. मूल एकेक मणी बोटाने सरकवत ‘एक, दोन, तीन’ करत असेल आणि मोठी माणसं कौतुकाने बघत असतील, तर चौकटीचे पैसे वाया गेले. तेवढं काम खिसाभर खडेही करतात.

कारण असं की, तीन-चार वस्तू माणसाला न मोजता, नुसत्या नजरेने कळतात. त्यापुढे नजर गोंधळते. सात मणी एकाच रंगाचे असतील तर मोजल्याशिवाय इलाज नाही. पण पाच लाल आणि त्यापुढे दोन पांढरे दिसले की डोळे म्हणतात ‘पाच आणि दोन’. पाचावर होणारा हा रंगबदल हाच या वस्तूचा सगळा प्राण. बाकी सगळं सुतारकाम.

म्हणून विकत घेताना पहिली परीक्षा रंगांची. बाजारात दहा ओळींच्या, प्रत्येक ओळ वेगळ्या रंगाच्या झगमगीत मणीपाट्या मुबलक मिळतात. दिसायला गोड, पण या कामाला निरुपयोगी, कारण दहा निळ्या मण्यांच्या ओळीत पाच कुठे संपतात ते दिसतच नाही. पाच-पाचचे दोनच रंग हवेत. तेही लाल-पांढरे किंवा निळे-पांढरे, म्हणजे एक गडद आणि एक फिका. लाल-हिरवी जोडी टाळा, कारण काही मुलांना त्या दोन रंगांतला फरक नीट दिसत नाही आणि हे घरात कुणाच्या लक्षातही आलेलं नसतं.

दुसरी परीक्षा मोकळ्या जागेची. मणी २ सेंटिमीटरचा असेल तर दहा मणी २० सेंटिमीटर जागा खातात. सळी ३० सेंटिमीटरच्या आसपास हवी, तरच सरकवलेले आणि न सरकवलेले मणी यांच्यात ठळक फट दिसते. काही स्वस्त नमुन्यांत सळी इतकी आखूड असते की दोन गटांत एखाद्याच मण्याएवढी जागा उरते. मग मूल विचारतं, ‘हा मधला कुणाचा?’ प्रश्न रास्त आहे.

तिसरी परीक्षा, चौकट किंचित तिरकी करून बघा. मणी घरंगळले तर परत करा. सळी बारीक आणि मण्याचं छिद्र मोठं असलं की हे होतं. मुलाने आठ मांडून चौकट तुमच्याकडे वळवावी आणि तोवर त्याचे सहा झालेले असावेत, यासारखा वैताग नाही. मणी थोडे अडत सरकायला हवेत. उलट टोकाचाही दोष आढळतो. रंगाचा थर छिद्रात साठलेला असतो, मणी अडकतो, आणि पाच मणी एकत्र ढकलायला गेलं की तीनच जातात. सळीवर थोडं मेण चोळलं की हे बहुधा सुटतं. तीन वर्षांखालचं मूल घरात असेल तर टोकांच्या खुंट्या पक्क्या बसवल्यात ना ते ओढून पाहा, सुटा मणी घशात जाऊ शकतो.

घरी बनवायची असेल तर जाड पुठ्ठ्याचा ३० × १२ सेंटिमीटरचा तुकडा, दोन लोकरी तारा (हस्तकलेच्या सामानात पाइप क्लीनर म्हणून मिळतात) आणि वीस मणी पुरेत. पुठ्ठ्याला दोन्ही बाजूंना दोन-दोन भोकं पाडायची, तारा ओवायच्या, टोकं मागे वळवून चिकटपट्टीने झाकायची. पाइप क्लीनरची लोकर मण्याला धरून ठेवते, त्यामुळे घरंगळण्याचा प्रश्नच येत नाही. दोरी वापरली तर ती मधे झोळ खाते आणि सगळे मणी तिथे गोळा होतात. खरं सांगायचं तर घरगुती वापराला ही पुठ्ठ्याची चौकट विकतच्या सुमार चौकटीपेक्षा उजवी ठरते. वर्गासाठी मात्र मोठी, मागच्या बाकावरून दिसेल अशीच हवी.

आता वापर. सुरुवातीची शिस्त एकच: सगळे मणी उजवीकडे, म्हणजे शून्य. डावीकडे सरकवले तेच धरायचे. मोठ्या माणसाने मुलाच्या शेजारी बसायचं, समोर नाही. समोर बसलं की तुमचं डावं ते त्याचं उजवं होतं, आणि पहिला आठवडा नुसता ‘या बाजूला नाही, त्या बाजूला’ करण्यात जातो.

पहिले काही दिवस बेरीज काढायचीच नाही. फक्त संख्या दाखवायच्या, त्याही एका झटक्यात. पाच दाखव. दहा दाखव. मग चार, म्हणजे लालपैकी एक मागे ठेवून. सहा म्हणजे सगळे लाल आणि एक पांढरा. नऊ म्हणजे शेवटचा एक सोडून सगळे. मूल एकेक सरकवू लागलं तर रागवायचं नाही, आणि ‘असं नाही’ही म्हणायचं नाही. ‘एकाच ढकलीत जमेल?’ एवढं विचारायचं. मुलांना हे आव्हान आवडतं, आणि त्या एका प्रश्नात निम्मं काम होतं.

इथे गोष्टीची गरज पडते. शाळेत जाण्याआधीच्या मुलाला ‘दोन आणि एक किती’ असं कोरडं विचारलं की ते गोंधळतं, पण डबीत दोन ठोकळे आहेत, आणखी एक टाकला, आता किती, याचं उत्तर बरोबर देतं. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ मार्टिन ह्यूज यांनी १९८०च्या दशकात हा फरक अशाच डबी-ठोकळ्यांच्या प्रयोगांतून दाखवला होता. गोष्ट म्हणजे आकड्यांवर चढवलेली साखर नव्हे. काय घडतंय हे मुलाला गोष्टीतून कळतं, आणि आकडे त्या घडण्याला चिकटतात.

या चौकटीला सगळ्यांत शोभणारी गोष्ट चौकटीतच दिसते: दोन तारा आणि त्यांवर बसणारे पक्षी. उजवीकडे झाड, डावीकडे तार. दहा चिमण्या वरच्या तारेच्या, दहा खालच्या. आता असं संभाषण होऊ शकतं:

‘वरच्या तारेवर किती बसल्या?’
‘आठ.’
‘मोजल्यास?’
‘नाही. दोन झाडावरच राहिल्यात.’

‘दोन झाडावरच राहिल्यात’ या उत्तरात दहाची जोडी आहे, वजाबाकी आहे आणि मोजणी नाही. असं उत्तर ऐकू आलं की पुढच्या पायरीवर जायचं. नाही आलं तर थांबायचं. एक रुमाल घ्या, उजवी बाजू झाका आणि विचारा, ‘तारेवर सात दिसतायत, रुमालाखाली किती?’ दहाच्या जोड्या (९ आणि १, ८ आणि २, ७ आणि ३, ६ आणि ४, ५ आणि ५) यातून पाठांतराशिवाय पक्क्या होतात. रुमाल दोन सेकंद उचलून परत टाकण्याचा उलटा खेळही चालतो: मणी दिसले, झाकले, किती होते? दोन सेकंदांत मोजून होत नाही, त्यामुळे मुलाला रंगांचाच आधार घ्यावा लागतो.

बेरजेसाठी नियम: एक संख्या वरच्या तारेवर, दुसरी खालच्या. मुलं ८ + ५ करताना बरेचदा वरची तार दहापर्यंत भरून मग खाली उतरतात. उत्तर १३च येतं, पण आठ कुठले आणि पाच कुठले हे नाहीसं होतं. वर आठ, खाली पाच असे वेगळे मांडले की दोन्ही तारांवरचे लाल मिळून दहा झालेले दिसतात आणि वरचे तीन पांढरे उरतात. तेरा. ६ + ७ मध्येही तसंच: लाल दहा, पांढरे एक आणि दोन. ८ + ७ मध्ये लाल दहा, पांढरे तीन आणि दोन, पंधरा. ज्या बेरजा मुलांना सगळ्यांत जड जातात, त्या इथे सगळ्यांत सोप्या होतात. हातच्याची भीती ज्या जागी रुजते, नेमकी तीच ही जागा.

९ + ४ मध्ये मात्र ही युक्ती चालत नाही, कारण खाली पाच लाल नाहीत. इथे दोन्ही हात लागतात. उजव्या हाताने वरचा उरलेला एक मणी डावीकडे आणायचा आणि त्याच क्षणी डाव्या हाताने खालचा एक परत पाठवायचा. वर दहा, खाली तीन. दोन्ही हालचाली एकदमच करायच्या. आधी एक मग दुसरी केली तर मुलाला वाटतं की मध्येच एक चिमणी वाढली आणि मग कमी झाली. एकदम केल्या की ‘एक चिमणी खालच्या तारेवरून वर गेली, एकूण तेवढ्याच’ हे डोळ्यांना पटतं.

मराठी मुलांसाठी या चौकटीत एक आयतं बक्षीस आहे. अकरा, बारा, तेरा या शब्दांत ‘दहा आणि एक, दहा आणि दोन’ ऐकू येत नाही, ते मुलाला पाठच करावं लागतं. पण एकोणीस? एकाने उणे वीस. चौकटीवर वीसपैकी एकच मणी उजवीकडे ठेवा आणि म्हणा, ‘वीसला एक उणा, एकोणीस’. शब्दातच वजाबाकी दडलेली आहे. एकोणतीस, एकोणचाळीस ऐकताना गोंधळणाऱ्या मुलांना हा एक मणी पुढे फार उपयोगी पडतो. अर्थात, खोक्यासोबत येणाऱ्या माहितीपुस्तिकेत हे सापडायचं नाही.

वजाबाकीत चौकट आणखी रंगते. १३ − ५ साठी वर दहा, खाली तीन मांडा. मांजर आली, पाच चिमण्या उडाल्या. काही मुलं खालच्या तीन आणि मग वरच्या दोन उडवतात, म्हणजे दहावर थांबून पुढे जातात. काही मुलं वरच्या तारेवरचे पाच पांढरे एका फटक्यात उडवून देतात. उरतात वर पाच, खाली तीन, म्हणजे आठ. दोन्ही बरोबर. दुसरी रीत पाहून मोठी माणसं ‘आधी खालच्या उडव’ म्हणून अडवतात, ते करू नका. १४ − ९ मध्ये वरच्या दहातून नऊ काढले की एक उरतो, खालचे चार तसेच, पाच. मोठेपणी बोटं न वापरता असंच तर करतो आपण.

पण वजाबाकी म्हणजे फक्त ‘उडून गेल्या’ नव्हे, आणि इथेच बहुतेक संचांसोबतची गोष्टींची कार्डं कच्ची निघतात. वीस कार्डांपैकी अठरा ‘इतके होते, इतके गेले, किती उरले’ छापाची. मूल गोष्ट न वाचता ‘गेले’ किंवा ‘उरले’ हा शब्द शोधतं आणि वजा करतं, ‘मिळून’ दिसलं की बेरीज करतं. मग ‘वरच्या तारेवर आठ चिमण्या, खालच्यापेक्षा तीन जास्त, तर खाली किती?’ असं विचारलं की ‘जास्त’ ऐकून अकरा म्हणतं. कार्डं फेकायची गरज नाही, बदलायची आहे. तीन बदल पुरेत.

पहिला, मधली जागा रिकामी ठेवा: पाच होत्या, काही आल्या, आठ झाल्या, किती आल्या? चौकटीवर पाच लाल मांडायचे आणि आठ होईपर्यंत पांढरे आणायचे. दुसरा, सुरुवात रिकामी ठेवा: काही होत्या, तीन उडाल्या, पाच राहिल्या. ही सगळ्यांत अवघड. मूल मांडणार कशी, सुरुवातच माहीत नाही. इथे गोष्ट उलटी चालवायची: उडालेल्या तीन परत बोलवा. तिसरा बदल तुलनेचा, आणि त्यासाठी दोन तारा म्हणजे हातात आलेलं सोनं: वर आठ, खाली पाच, कुणाच्या तारेवर किती जास्त? वरच्या तारेवर डावीकडच्या गटाच्या उजव्या टोकाला तीन पांढरे एकटे बाहेर आलेले दिसतात. तुलनेतून वजाबाकी येते हे मुलांना पटत नाही, कारण काहीच उडून गेलेलं नसतं. दोन तारा एकाखाली एक असल्या की ते पटतं.

खेळ म्हणून एकच सुचवतो, कारण तो पुरतो. एक फासा, दोघे खेळाडू, प्रत्येकाकडे स्वतःची चौकट. फाशाप्रमाणे मणी सरकवत वीसपर्यंत पोचायचं. अट: प्रत्येक डावात फार तर दोन ढकली. आठवर असताना पाच पडले, तर आधी दोन (वरची तार भरली), मग खाली तीन. सरकवण्यापूर्वी तोंडाने म्हणायचं, ‘दोनात दहा, मग तीन’. ही अट नसेल तर खेळ पुन्हा मोजणीवर घसरतो. वीस झाल्यावर तोच खेळ शून्यापर्यंत उलटा खेळायचा. वजाबाकीचा सराव मागून घ्यावा लागत नाही, हरलेला खेळाडूच ‘आता उलटं’ म्हणतो.

उणिवाही आहेत. मणी सुटे होत नाहीत, त्यामुळे साडेतीन-चार वर्षांच्या मुलाला, ज्याला अजून एका वस्तूला एकच आकडा म्हणणं जमत नाही, त्याच्यासाठी ही वस्तू लवकरची. त्याला झाकणं, ठोकळे, पानं द्या. उचलून डबीत टाकता येतं तेच त्या वयाला कळतं. वीसच्या पुढे चौकट थिटी पडते. शंभर मण्यांची आवृत्ती मिळते, पण ती दशक शिकवायला चांगली, बेरीज शिकवायला गजबजलेली. काम झाल्यावर मणी मागे काहीच ठेवत नाहीत, म्हणून दोन रेघा आणि गोल काढून मांडणी कागदावर उतरवायला लावा, मगच ८ + ५ = १३ लिहा. नाहीतर चौकटीवर हुशार आणि वहीत कोरं, असं दिसतं.

आणखी एक धोका सवयीचा. काही मुलं दुसरी-तिसरीतही ३ + ४ साठी चौकट मागतात. सोडवायची रीत सोपी: आधी चौकट हातात, मग समोर पण हात न लावता, मग रुमालाखाली, मग नुसती डोळे मिटून. डोळे मिटून ‘लाल दहा, पांढरे तीन’ म्हणणाऱ्या मुलाला चौकट लागत नाही, ती त्याच्या डोक्यात गेलेली असते.

पर्याय म्हणून कुइझनेअर पट्ट्या आठवतात. बेल्जियन शिक्षक जॉर्ज कुइझनेअर यांच्या या दहा रंगांच्या पट्ट्या: पांढरी १ सेंटिमीटरची, नारिंगी १० सेंटिमीटरची. संख्येचे तुकडे कसे जुळतात हे दाखवण्यात त्या चौकटीपेक्षा सरस. पाच आणि तीन शेजारी ठेवले की आठची तपकिरी पट्टी बरोबर तेवढीच भरते. पण त्यांवर खुणा नसतात, रंग लक्षात ठेवावे लागतात, आणि पांढरे ठोकळे सोफ्याखाली जातात. दोन्ही परवडत असतील तर दोन्ही घ्या, एकच घ्यायची तर चौकट आधी. मोबाईल-टॅबवर ‘द मॅथ लर्निंग सेंटर’चं ‘नंबर रॅक’ हे मोफत अॅप आहे, त्यात मणी झाकायला पडदाही आहे. मोठ्या पडद्यावर वर्गाला दाखवायला ते छान. घरी मात्र पुठ्ठ्याची चौकट बरी. बोटाखाली पाच मणी एकदम सरकल्याचं जे जाणवतं, ते काचेवर जाणवत नाही.

वेळ रोज आठ-दहा मिनिटं पुरेत. मूल मांजर व्हायला तयार असेल तर थोडी जास्त.